पाव झाल्यावर

गेल्या ईदला माझी मुलगी घरी आली नाही. ती पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि ईदच्या दुसऱ्याच दिवशी तिचा पेपर होता. सत्ताविसाव्या रोजाच्या रात्री तिचा फोन आला. "मम्मी, नानीच्या नानखटाईचं माप पाठव ना. रूममेटनं छोटा ओव्हन आणलाय. इथंच करून बघते."

मला फार बरं वाटलं. मी कपाटातून अम्मीची वही काढली, ते पान उघडलं, मोबाइलनं फोटो काढला आणि पाठवून दिला. दोन मिनिटांत तिचा मेसेज आला, "मम्मी, हे उर्दूत आहे. टाइप करून पाठव."

एवढंच. तिचं त्यात काही चुकलं नव्हतं. पण मी बराच वेळ तो मोबाइल हातात घेऊन बसून राहिले. वीस वर्षं झाली, मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड.ला माझ्या दोन अध्यापन पद्धती याच होत्या. दुसऱ्यांच्या शेकडो मुलांचा हात धरून मी अलिफ, बे गिरवून घेतलं आहे. आणि माझ्या पोटच्या मुलीला तिच्या नानीनं लिहिलेल्या सात ओळी वाचता येत नाहीत.

तिला मराठी माध्यमात घालायचा निर्णय माझाच होता. पुढं सेमी इंग्रजी मिळेल, विज्ञान सोपं जाईल, उर्दू काय, मी घरी शिकवीनच, असं मी सगळ्यांना सांगत होते. घरी शिकवणं राहून गेलं. शाळेतून दमून आल्यावर घरात पुन्हा कायदा उघडायचं जिवावर यायचं. कुरआन वाचायला ती मौलवीसाहेबांकडे जायची, त्यामुळं अक्षरं तिला अनोळखी नाहीत. पण अरबीत जेर-जबर दिलेले असतात. उर्दूच्या हातच्या लिखाणात ते नसतात. तिथं शब्द आधी माहीत असावा लागतो, मग तो वाचता येतो.

अम्मी यावर एकदाच बोलली होती. आमच्या सोलापुरी दखनीत म्हणाली, "तेरी तनखा उर्दू की, और घर में उर्दूच नई?" मी हसून विषय बदलला. तिनं पुन्हा कधी तो काढला नाही.

तर, वहीचं सांगते. अम्मी उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. अब्बा यंत्रमागावर कामाला होते आणि अम्मी घरी ब्लाउज शिवायची. ही वही तिच्या मापांची आहे. गल्लीतल्या सगळ्या बायकांची मापं तिच्यात आहेत. छाती, कंबर, बाही, गळा. अगदी शेवटच्या पानावर, जिथं मापं संपतात तिथं, वर "नानख़ताई" असं लिहून खाली सात ओळी आहेत. त्या देवनागरीत अशा होतील:

मैदा डेढ़ किलो
बेसन काकू का, पाव किलो
शक्कर पिसी हुई एक किलो
डालडा एक डब्बा
इलायची एक रुपये की
सोडा चुटकी भर
पाव के बाद

कृती नाहीच. काय आधी घालायचं, किती फेटायचं, किती भाजायचं, एक अक्षर नाही. मी मुलीला "टाइप करते" म्हटलं खरं, पण पहिली ओळ सोडली तर एकेका ओळीपाशी माझा हात थांबायला लागला.

सगळ्यात आधी शेवटची ओळ. "पाव के बाद." हे तसंच लिहून पाठवलं असतं तर मुलीनं विचारलं असतं, पाव म्हणजे काय, पाव किलो? कशाच्या नंतर? उर्दूत काय आणि मराठीत काय, चतुर्थांशालाही पाव म्हणतात आणि खायच्या पावालाही. इथं खायचा पाव आहे. आणि ती ओळ म्हणजे ओव्हनचं तापमान आहे.

माझ्या लहानपणी नानखटाई कुणी घरात भाजत नसे. पीठ घरी तयार व्हायचं आणि भाजायला बेकरीच्या भट्टीवर जायचं. रमजानचे शेवटचे आठ-दहा दिवस विजापूर वेशीत बाजार फुललेला असायचा, आणि आमच्या गल्लीच्या टोकाच्या बेकरीसमोर बायका आणि पोरं परात घेऊन रांगेत बसलेली असायची. ती लाकडाची भट्टी. आत लाकडं पेटवून वीट तापवायची, मग निखारे बाजूला ओढायचे, लांब काठीला बांधलेल्या ओल्या गोणपाटानं भट्टीचा तळ पुसायचा, आणि पाव आत सारायचे. पावाला कडक आच लागते. पावाची खेप निघाली की भट्टी हळूहळू उतरायला लागते. त्या उतरत्या आचेत बिस्किटं आणि नानखटाई. आधी घातली तर वरून करपेल आणि आत कच्ची राहील. फार उशिरा घातली तर तूप सुटून पसरेल. भट्टीवरचे उस्ताद कागदाचा तुकडा आत टाकायचे आणि त्याचा रंग कसा बदलतो ते बघून म्हणायचे, "लाओ."

मग आमचा नंबर. बेकरीचे काळे पत्रे, त्यांवर आम्ही तिथंच बसून गोळे लावायचे. दीड किलो मैद्याचे दीडशेच्या आसपास नग व्हायचे. पत्र्यावर खडूनं नंबर टाकलेला असायचा, पण या हातातून त्या हातात जाताना तो पुसला जायचा आणि नानखटायांची अदलाबदल होऊन भांडणं व्हायची. म्हणून प्रत्येक घराची एक खूण असे. कुणी चारोळी लावायचं, कुणी काडेपेटीच्या काडीनं फुली मारायचं. अम्मी शिवणाचं अंगुस्तान दाबायची. त्याच्या बारीक खळग्यांचा गोल नानखटाईवर उमटायचा आणि भाजल्यावर त्या गोलाला भेगा जायच्या. किलोमागं भाजणावळ द्यायची, आणि गरम नानखटाई तेलाच्या धुतलेल्या पत्र्याच्या डब्यात कागद घालून भरायची. गरम असताना ती मऊच लागते. कितीही मोह झाला तरी उचलायची नाही, बोटात मोडते. खुसखुशीतपणा निवल्यावर येतो. रात्री बारा वाजता डोक्यावर डबा घेतलेल्या अम्मीच्या मागून मी तो वास घेत चालायची.

दिवाळीच्या आधी हीच रांग, फक्त माणसं बदललेली. तेव्हा शेजारच्या काकू परात घेऊन निघायच्या आणि अम्मीला हाक मारायच्या, कारण उस्तादांशी अम्मीची ओळख. त्यांची नानकटाई, आमची नानखटाई. भट्टी तीच, पत्रे तेच.

आता दुसरी ओळ, "बेसन काकू का". अम्मीच्या आईच्या मापात बेसन नव्हतंच, नुसता मैदा होता. काकूंच्या नानकटाईत बेसन असायचं. हरभऱ्याची डाळ आधी भाजून, मग गिरणीतून लाडवासाठी दळतात तसं जाडसर दळून आणलेलं. त्यानं चव खमंग होते आणि दाताखाली किंचित रवाळ लागते. अम्मीनं एका वर्षी ते घालून पाहिलं आणि मग कायमचं ठेवलं. दर रमजानला मी वाटी नव्हे, डबाच घेऊन काकूंकडे जायची.

1993 साली मात्र अम्मीनं मला पाठवलं नाही. आदल्या डिसेंबरपासून वातावरण बिघडलेलं होतं. आमच्या गल्लीत काही झालं नव्हतं, पण लोक दारं लवकर लावून घ्यायचे आणि ओळखीची माणसंही रस्त्यात कमी बोलायची. रमजान फेब्रुवारीच्या शेवटाला लागला. विसावा रोजा झाला तरी अम्मी बेसनाचं नाव काढेना. मी विचारलं तर म्हणाली, "इस साल बगैर बेसन के." दोन-तीन दिवसांनी दुपारी काकूच दारात उभ्या. हातात डबा. "या वर्षी बेसन नको का तुला? आणायला पोरगी आली नाही ती." अम्मी म्हणाली, "तुमच्याकडं डाळ असेल-नसेल म्हणून." दोघींनाही ते खोटं आहे हे कळत होतं. काकू आत येऊन बसल्या, चहा नको म्हणाल्या, कारण अम्मीचा रोजा होता. थोडा वेळ ब्लाउजच्या गळ्याबद्दल बोलल्या आणि गेल्या. एवढंच घडलं. मी तेरा वर्षांची होते. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

पुढं काकू मुलाकडे राहायला गेल्या. अम्मी दुकानातलं बेसन आणून घरी कढईत भाजायला लागली. पण वहीत "काकू का" तसंच राहिलं. मी आता मुलीसाठी ते कसं लिहायचं? "भाजलेलं जाडसर बेसन" असं लिहिलं. मग कंसात "काकूंचं" लिहिलं, आणि फोन करून हे सगळं सांगितलं.

चौथी ओळ, "डालडा एक डब्बा". पिवळा डबा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. एक किलोचा. रिकामा झाला की त्यातच साखर, त्यातच डाळ, आणि त्याचंच माप. साजूक तुपाची नानखटाई आमच्या घराला परवडणारी नव्हती. डालडा 1937 पासून आपल्याकडे आहे. तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते गोठवतात. त्यात हृदयाला घातक अशी ट्रान्स फॅट तयार होते, हे आता सगळ्यांना माहीत आहे. 2022 पासून अशा तेला-तुपात ती दोन टक्क्यांपेक्षा जास्त असू नये असा नियमच आहे. अम्मीला हृदयाचा त्रास सुरू झाल्यावर डॉक्टरांनी डालडा बंद करायला सांगितला आणि आम्ही साजूक तुपावर आलो. एकास एक बदलता येतं, पण एक फरक पडतो. तूप लवकर वितळतं. आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ते घट्ट कसं राहणार?

हे मी चूक करून शिकले. 2020 ची ईद 25 मे रोजी होती. टाळेबंदी सुरू होती. आयुष्यात पहिल्यांदा आमची परात भट्टीवर गेली नाही. ईदची नमाजही सगळ्यांनी घरीच पढली. अम्मी म्हणाली, घरीच भाजू. जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटं वाळू, त्यावर स्टँड, त्यावर ताट, वर घट्ट झाकण आणि खाली मंद गॅस. पीठ मी केलं. तूप पातळ झालेलंच होतं, मी तसंच मैद्यात ओतलं आणि पोळीच्या कणकेसारखं चांगलं मळून घेतलं. झाकण काढलं तर ताटात एकच मोठी पोळी पसरलेली. कडेनं करपलेली, मधे तेलकट.

अम्मी खुर्चीवर बसून बघत होती. ती रागावली नाही. म्हणाली, आता मी सांगते तसं कर. तुपाचा डबा माठाच्या पाण्यात ठेवायला लावला. तूप पुन्हा दाणेदार झालं, तेव्हा ते परातीत काढून पिठीसाखर घालून तळव्यानं फेटायला सांगितलं. एकाच दिशेनं. वीस मिनिटं. पिवळं तूप हळूहळू पांढरं होतं आणि फुगतं. त्यात हवा भरते, तीच पुढं नानखटाईला हलकी करते. वितळलेल्या तुपात हवा धरतच नाही. मग मैदा, बेसन, सोडा आणि वेलची चाळून घालायची आणि फक्त गोळा होईल इतकंच जवळ करायचं. मळायचं नाही. मळलं की चिवट होते. पाण्याचा थेंब नाही.

तेव्हाच मी तिला विचारलं, "एक रुपये की इलायची म्हणजे किती, अम्मी? आता रुपयाला एक दाणा येत नाही." तिनं तळहाताचा खळगा करून दाखवला, मग स्वतःच गोंधळली. कोपऱ्यावरचा दुकानदार कागदाची पुडी बांधून द्यायचा, ती तेवढी घालायची. तिनं कधी मोजली नव्हती. शेवटी म्हणाली, "नाक किस लिए दिया अल्लाह ने?" परात नाकाशी नेऊन वास घेतला आणि आणखी चार वेलच्या कुटायला सांगितल्या.

त्या दिवशीची नानखटाई चांगली झाली. फक्त भट्टीच्या धुराचा वास नव्हता. अम्मीनं एक तोंडात घातली आणि म्हणाली, "ठीक है. पाव के बाद वाली नहीं है." 2022 च्या हिवाळ्यात ती गेली.

माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी या शब्दावर अडतं. मराठीच्या तासाला मुलं "नानखटाई" लिहितात आणि विचारतात, "टीचर, यात खटाई कुठं असते?" उर्दूच्या तासाला प्रश्न वेगळा. उर्दूत तो शब्द ख़े, तोय, अलिफ असा लिहितात, आणि त्याच स्पेलिंगचा "ख़ता" म्हणजे चूक, अपराध. "टीचर, ही चुकलेली रोटी का?" मी सांगते, नान म्हणजे रोटी हा फारसी शब्द, आणि ख़ता हे चीनकडच्या मुलखाचं जुनं नाव, म्हणून ख़ताई म्हणजे तिकडची. सुरतेत डचांसाठी पाव भाजणाऱ्या एका पारशी कारागिरानं तिला आजचं रूप दिलं, अशी गोष्ट सांगतात, तीही सांगते. मुलं ऐकून घेतात, पण त्यांना चुकलेली रोटीच जास्त आवडते.

त्या रात्री मुलीला टाइप करताना मला ते आठवत होतं. तिच्या छोट्या ओव्हनसाठी मी सगळं दहानं भागलं:

मैदा 150 ग्रॅम, भाजलेलं जाडसर बेसन 25 ग्रॅम, पिठीसाखर 100 ग्रॅम, घट्ट साजूक तूप 100 ग्रॅम, खायचा सोडा दोन चिमट्या, वेलची वास येईल इतकी. तूप आणि साखर पांढरी होईपर्यंत फेट. बाकीचं चाळून मिसळ, मळू नकोस. पंधरा गोळे कर, किंचित दाब, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव. ओव्हन आधी दहा मिनिटं तापव. 170 अंशांवर 15 ते 18 मिनिटं. खालून बदामी झाली की काढ. गरम असताना हात लावू नकोस.

"पाव के बाद"चं मी 170 अंश केलं. भाषांतर बरोबर आहे. तरी पाठवताना वाटलं, यात उस्ताद नाहीत, रांग नाही, कागदाचा तुकडा नाही. अम्मीनं हे सगळं लिहिलं नव्हतं, कारण वाचणाऱ्याला ते माहीत असणारच असं तिनं धरलं होतं. वाचणारी दुसऱ्या गावात असेल, तिला ही लिपीच येत नसेल, असं तिच्या मनातही आलं नसेल. आणि ते येऊ नये याची जबाबदारी माझी होती, तिची नाही.

ईदच्या आदल्या रात्री मुलीनं फोटो पाठवले. पहिला ताट पसरला, कारण बाईसाहेबांनी फ्रिजची अर्ध्या तासाची ओळ वगळली होती. दुसरा छान झाला. वर पेनाच्या टोपणाचा ठसा होता. मी तिला अंगुस्तानाचं फोनवर सांगितलं होतं, पण तिच्याकडं ते कुठलं असायला? तिची साताऱ्याची रूममेट खाऊन म्हणाली, आमच्याकडं दिवाळीला हीच बेकरीतून भाजून आणतात. "मम्मी, तिच्या आजीच्या पण पत्र्यावर नंबर टाकायचे," मुलगी म्हणाली.

मेच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा मी वही काढून तिच्यासमोर ठेवली. कायदा नाही, पाठ्यपुस्तक नाही, तेच पान. तिनं आधी वरचा मथळा बघितला आणि पहिला शब्द लगेच ओळखला, "नान." मी विचारलं, कसा ओळखलास? म्हणाली, "दोन्हीकडे नून, मधे अलिफ. मी आधी सवयीनं डावीकडून वाचला, मग लक्षात आलं उजवीकडून वाचायचं असतं. तरी तोच झाला." वीस वर्षं मी तो शब्द फळ्यावर लिहिते आहे. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं बसलो. मैद्याला दोन दिवस गेले. बेसनाला तीन, कारण अम्मी नुक्ते घाईत टाकायची. "काकू" वाचता आल्यावर ती खूश झाली. "पाव किलो"मधला पाव जमला, तेव्हा मी तिला सांगितलं नाही की तोच शब्द शेवटच्या ओळीत पुन्हा येणार आहे.

सुट्टी संपली, तेव्हा ती चौथ्या ओळीवर, डालड्यापाशी होती. बाकीच्या तीन दिवाळीच्या सुट्टीत.